दाखला आणि बेदखल

उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. शब्द समोर आला की त्याचे मूळ शोधायचे. वर्गात मुलांना मी एक खेळ नेहमी देतो: ज्या अरबी मुळातून ‘दाखला’ आला, त्याच मुळातून आलेले आणखी शब्द सांगा. मुले पटापट सांगतात. दाखल, दखल, दाखला, बेदखल. मुळाचा अर्थ ‘आत येणे’. शाळा आत घेते तेव्हा दाखल करते, जाताना दाखला देते. कोणी लक्ष दिले तर दखल घेतली म्हणतो. आणि ज्याला आतून बाहेर काढले, तो बेदखल.

हे चार शब्द एका ओळीत ठेवले की खान्देशातल्या गरीब माणसाच्या घराचा इतिहास बराचसा सांगून होतो. आज तोच सांगायचा आहे. जेसीबी वस्तीत शिरते त्या दिवसाची बातमी होते. त्या दिवसाच्या मागे दीडदोनशे वर्षे असतात, त्यांची बातमी होत नाही.

सुरुवात धुळ्यापासून करू. १८१८ साली पेशवाई गेली, खान्देश कंपनी सरकारकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. जुन्या गावाच्या शेजारी त्याने नवी पेठ आखली. धुळ्याचा पत्ता आजही ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ असा लिहिला जातो, तो त्या आखणीचा वारसा आहे. सरळ रस्ते, समांतर गल्ल्या. व्यापाऱ्यांना, सावकारांना इथे येऊन राहा म्हणून निमंत्रण दिले गेले, कारागीर लांबून आणले गेले. म्हणजे हे शहर बोलावून आणलेल्या माणसांचे आहे. धुळ्यात ‘मूळचा कोण आणि बाहेरचा कोण’ असा वाद कोणी काढला की मला ही गोष्ट आठवते.

जळगावचे तसेच. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला. नेमकी त्याच काळात जळगावला रेल्वे आली होती. एक मामुली गाव बघता बघता कापसाची पेठ झाले. १८७० च्या दशकात इथे मुळजी जेठांची खान्देश मिल उभी राहिली. खेड्यापाड्यांतून माणसे आली: शेतमजूर, विणकर, हमाल, गाडीवान. धुळे आणि मालेगावकडे उत्तरेतून मोमीन विणकर आले. १८५७ नंतर हातमाग खांद्यावर घेऊन निघालेल्या घराण्यांच्या आठवणी अजून आपल्या मोहल्ल्यांत सांगितल्या जातात. १९०६ मध्ये खान्देशचे दोन जिल्हे झाले, पूर्व आणि पश्चिम. जळगाव एकाचे मुख्यालय, धुळे दुसऱ्याचे. मग कचेऱ्या आल्या, कोर्टे आली, बंगले आले आणि त्यांना लागणारी कामाची माणसे आली.

माणसे बोलावली, काम दिले. पण ती रात्री झोपणार कुठे, हे नकाशात आखले गेले नाही. पेठेला आखणी होती, सिव्हिल लाइनला आखणी होती. विणकर, हमाल, भिल्ल, महार, मांग, मोमीन यांनी आपापली जागा आपण शोधली. नदीचा काठ, नाल्याची कड, गावकुसाबाहेरचा उतार, रेल्वेची बाजू. पांझरा कोरडी असते तेव्हा तिचा काठ फुकट वाटतो. ती कोरडी नसते तेव्हा काय होते ते १८७२ च्या पुराने दाखवले होते. तरी लोक तिथेच राहिले, कारण काम तिथून पायी जाण्याच्या अंतरावर होते.

वस्त्यांची नावे ऐका, इतिहास त्यातच आहे. धुळ्यात हजार खोली. नाव घेतले की ओळीने लागलेल्या खोल्याच डोळ्यांपुढे येतात. जळगावात भिलपुरा, तांबापुरा. आणि पिंप्राळा हुडको. हुडको ही घरबांधणीला कर्ज देणारी केंद्र सरकारची संस्था, १९७० साली स्थापन झालेली. माणसे जिथे राहतात त्या मोहल्ल्याला पीराचे, पुढाऱ्याचे, झाडाचे नाव पडते. इथे कर्ज देणाऱ्या संस्थेचे पडले. पोरगी सासरहून येते आणि म्हणते, “अम्मी, हुडकोला आले.” तिच्या तोंडी ते माहेराचे नाव आहे.

आता कायद्याकडे. १९७१ मध्ये महाराष्ट्रात झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकासाचा कायदा आला. सुधारणा आणि निर्मूलन हे दोन शब्द एकाच कायद्याच्या नावात शेजारी बसले, आणि कोणाच्या वाट्याला कोणता येईल हे त्या त्या वेळच्या सत्तेवर राहिले. १९८१ च्या जुलैत, भर पावसात, मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना उचलून शहराबाहेर आणि त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा झाली. ती करणारे मुख्यमंत्री होते अब्दुल रहमान अंतुले, महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. हे मी मुद्दाम सांगतो. खुर्चीवर आपल्या नावाचा माणूस बसला की आपले घर वाचले, असा हिशेब आपण फार वेळा करतो. इतिहास या हिशेबाला दुजोरा देत नाही.

त्या घोषणेविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवरचे रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ ला निकाल आला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले की जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो. माणूस फुटपाथवर हौसेने राहत नाही, कामाजवळ राहतो, आणि त्याचे घर मोडले तर कामही जाते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण त्याच निकालाने हेही सांगितले की रीतसर नोटीस देऊन, म्हणणे ऐकून घेऊन अतिक्रमण काढता येईल. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत हात लावू नये, आणि ज्यांच्याकडे १९७६ च्या झोपडपट्टी गणनेची ओळखपत्रे आहेत त्यांना पर्यायी जागा द्यावी, असे ठरले. म्हणजे दखल घेतली, आणि बेदखल करण्याची वाटही ठेवली. दोन्हींच्या मध्ये उभा राहिला तो कागद.

तिथून पुढे महाराष्ट्रात गरिबाचे घर तारखेने मोजले जाऊ लागले. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, पुढे सशुल्क घरासाठी १ जानेवारी २०११. त्या तारखेआधी तू इथे होतास याचा पुरावा दाखव. सिमेंटचे घर असो की पत्र्याचे, ते कागदावर असले तरच आहे.

कागदावरचे घर म्हटले की जळगावचा माणूस कसनुसा हसतो. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी तेव्हाच्या जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी घरकुल योजना काढली. हुडकोचे कर्ज काढले, बिल्डरला काम दिले, आगाऊ रकमा दिल्या. २००६ मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. ज्या जागांवर घरकुले बांधायला घेतली त्या पालिकेच्या मालकीच्याच नव्हत्या, बिगरशेतीही केलेल्या नव्हत्या, हा त्यातला एक आरोप होता. मला या आरोपापाशी थांबावेसे वाटते. गरिबाने दुसऱ्याच्या जागेवर पत्रा टाकला तर ते अतिक्रमण. त्या अतिक्रमणावरचा उपाय म्हणून निघालेली योजनाच, आरोप खरा मानला तर, दुसऱ्याच्या जागेवर उभी होती.

खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला. ३१ ऑगस्ट २०१९ ला निकाल लागला. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे आणि शंभर कोटींचा दंड, गुलाबराव देवकर यांना पाच वर्षे, एकूण ४८ जण दोषी. आरोपी वेगवेगळ्या पक्षांचे होते. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, जामीन झाले, आणि न्यायालयाचे काम न्यायालयाने करावे. निकालाच्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांनी जो आकडा छापला तो मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: सुमारे ५,००० घरे बांधायची होती, पूर्ण झाली सुमारे १,५००. उरलेल्या ३,५०० घरांवर कधी जेसीबी चालली नाही. ती उभीच राहिली नाहीत. तरी त्यांत राहायला जाणारी कुटुंबे होती, आणि त्या कुटुंबांची पोरे आता लग्नाच्या वयाची झाली. न बांधलेले घर हेही मोडलेले घरच आहे. त्याचा पंचनामा होत नाही एवढाच फरक.

आणि खान्देश मिल? ती बंद पडली. रेल्वे स्टेशनजवळच्या त्या जागेवर आज खान्देश सेंट्रल आहे. जागा मोक्याची होती, तिला नवे आयुष्य मिळाले. गिरणीवर जगलेल्या वस्त्यांना तसे नवे आयुष्य आखून मिळाले नाही.

“पण रस्ते रुंद नकोत का? नाले साफ नकोत का?” असा प्रश्न मला सहकारी विचारतात. हवेत. ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरत नाही तेव्हा बाळंतपण आमच्याच बायांचे अडते. पावसाळ्यात तुंबलेल्या नाल्याचे पाणी आमच्याच चुलीत येते. कोणतीही वस्ती जशी आहे तशीच पवित्र आहे असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की घराची किंमत करताना विटा आणि पत्रे मोजू नयेत, घराला काय काय बांधलेले आहे ते मोजावे.

तांबापुऱ्यातला माणूस एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात किंवा दालमिलमध्ये सायकलने जातो. धुळ्याच्या मोहल्ल्यात पुरुष पॉवरलूमवर जातो आणि बाई घरात बसून कांड्या भरते, कारण कारखाना दोन गल्ल्यांपलीकडे आहे. ही वस्ती सहा किलोमीटर लांब नेली तर पुरुषाचे रिक्षाभाडे वाढते आणि बाईचे काम सरळ बंद होते. उधारीवर किराणा देणारा दुकानदार सुटतो. आजारी माणसापाशी रात्र काढणारी शेजारीण सुटते. मशीद नवी बांधता येते, पण जनाज्याला न बोलावता जमणारी माणसे नव्या जागी जमायला वीस वर्षे लागतात.

आणि शाळा. शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. पण ती उर्दू माध्यमाची असेलच असे नाही. वस्ती हलली की मुलगा चौथीतून एकदम दुसऱ्या माध्यमात जातो, आणि मुलगी बहुतेक वेळा घरी बसते.

आमच्या शाळेत, कोणत्याही शाळेत असते तसे, एक जनरल रजिस्टर आहे. जाड पुठ्ठ्याचे, कडा झिजलेले. नाव, आईचे नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा. शेवटी एक रकाना: ‘शाळा सोडल्याचे कारण’. बँकेतल्या साहेबाचा मुलगा गेला तर तिथे ‘वडिलांची बदली’ लिहितात. वस्ती उठली आणि मुले गेली तर लिहितात ‘स्थलांतर’. घर पाडले, असे कारण लिहिण्याची पद्धत नाही. एकेका वर्षी एकापाठोपाठ दहा-बारा नावांपुढे ‘स्थलांतर’ दिसले की मी समजतो. जणू पाखरे उडून गेली, कोणी दगड मारलाच नाही.

पण याच रजिस्टरची दुसरी बाजू आहे. तारखेचा पुरावा मागितला जातो तेव्हा सातबारा आणि खरेदीखत नसलेल्या माणसाकडे काय असते? जुने रेशनकार्ड, वीजबिल, मतदार यादीतले नाव, आणि पोराचा शाळेचा दाखला. एक म्हातारी आमच्याकडे आली होती. मुलगा चाळिशीचा, तो कोणत्या साली पहिलीत बसला एवढे तिला लिहून हवे होते. रजिस्टर काढले, नाव सापडले, उतारा दिला. तिने तो कागद ओढणीच्या टोकात बांधला. ज्या घरात ते पोर वाढले ते उद्या राहील की नाही ते मला ठाऊक नव्हते, पण ते होते याला आमच्या शाळेची साक्ष होती.

आता कायद्याची ताजी स्थिती, कारण ती माहीत नसल्याने नुकसान होते. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने सांगितले की कोणावर गुन्हा दाखल आहे म्हणून त्याचे घर पाडता येणार नाही. पाडण्याआधी लेखी नोटीस, किमान पंधरा दिवसांची मुदत, म्हणणे मांडण्याची संधी आणि कारणांसह आदेश लागेल. सवलत कुठे नाही, तेही नीट वाचा: रस्ता, फुटपाथ, रेल्वेची हद्द, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागांवरच्या बांधकामाला हे संरक्षण लागू नाही. आपल्या कित्येक वस्त्या नेमक्या अशाच जागांवर आहेत. म्हणून हा निकाल म्हणजे सगळ्यांना छत्री नव्हे. तरी तो कामाचा आहे. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगलीनंतर एका आरोपीच्या कुटुंबाचे घर पाडले गेले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाई रोखली आणि पुढे महापालिका आयुक्तांना माफी मागावी लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचना आपल्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या, असा त्यांचा खुलासा होता. जे आयुक्तांपर्यंत पोहोचले नाही ते हजार खोलीत कधी पोहोचणार? पोहोचवायचे तर आपणच.

म्हणून वाचकांना, विशेषतः शिक्षक बंधू-भगिनींना, एक विनंती. आपल्या मोहल्ल्याची फाईल करा. जुनी बिले, घरपट्टीच्या पावत्या, मतदार याद्या, दाखल्यांचे उतारे यांची फोटोकॉपी घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवा. नोटीस आली तर तारीख बघा आणि उत्तर लेखी द्या, पोच घ्या. आणि पुनर्वसनाची बोलणी करायची वेळ आली तर घराच्या चौरस फुटांबरोबर कामाचे अंतर आणि उर्दू शाळेचे अंतरही कागदावर मागा. हे काम हिंदू शेजाऱ्याबरोबर, भिल्ल शेजाऱ्याबरोबर करा, कारण नोटीस घराघराला येते आणि नाला सगळ्यांच्या घरामागून वाहतो.

शाळांनी जुनी रजिस्टरे वाळवीपासून सांभाळावीत. खान्देशच्या मोठ्या माणसांची कागदपत्रे धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जपलेली आहेत. विणकराच्या, हमालाच्या पोराची नोंद आमच्या कपाटातच आहे, दुसरीकडे ती कुठेच नाही.