उकिरड्यातलं व्हिटॅमिन

सोलापुरातून अक्कलकोट रोडला लागलं की कुंभारी येतं. विडी कामगारांच्या घरकुलांमुळे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आज मात्र आपण या ज्वारीच्या पट्ट्यातल्या गावठी कोंबडीबद्दल बोलू.

तिला मूठभर ज्वारी मिळायची, बाकीचं ती उकिरड्यावर शोधायची. आता गंमत बघा. ज्वारीत 'अ' जीवनसत्त्वाचं कॅरोटीन अगदी नावाला. ब-१२ तर कुठल्याच धान्यात नाही. तरी खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांतून पिल्लं निघायचीच. कशी काय?

जीवनसत्त्वांचा शोधच मुळी कोंबड्यांपासून सुरू झाला. १८९०च्या दशकात जावा बेटावर आइकमन या डॉक्टरला दिसलं, की पॉलिश केलेल्या तांदळाचा भात खाऊन कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. १९२९ साली त्याला नोबेल मिळालं.

पण आपल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं अमेरिकेत, १९४०च्या दशकात. बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात कोंबड्यांना मासळीऐवजी सोयाबीनची पेंड दिली. कोंबड्या अंडी घालत होत्या, पण ती नीट उबत नव्हती, निघालेली पिल्लंही मरायची. मग खाद्यात चक्क गाईचं वाळलेलं शेण मिसळलं, आणि फरक पडला! शेणातले जिवाणू जे बनवत होते, ते म्हणजे ब-१२. ते १९४८ साली शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं. आपल्या कोंबडीला ते उकिरड्यावर फुकट मिळत होतं, हो! आणि कॅरोटीन बांधावरच्या हिरव्या पाल्यातून.

१९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. महाराष्ट्रात कोंबडी परसातून शेडमध्ये गेली. उकिरडा सुटला, त्याची जागा प्रीमिक्सच्या पोत्यानं घेतली.

ब्रीडर कोंबडीला हे प्रीमिक्स जास्त लागतं, कारण तिचं अंडं खायचं नसतं, उबवायचं असतं. रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२, कमी पडलं तर आई धडधाकट दिसते, अंडंही छान दिसतं. आत मात्र जीव कवचातच मरतो. पिल्लू निघालंच, तर पुढे त्याची बोटं आत वळू शकतात. मालकाला हे कळतं मशीनमध्ये २१ दिवस गेल्यावर. तोवर त्याच खाद्यावरची आणखी अंडी मशीनमध्ये गेलेली असतात.

आणि सोलापूरचा उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे. पत्र्याखाली पडून राहिलेल्या पोत्यातलं 'अ' जीवनसत्त्व उष्णतेनं उतरत जातं. पोतं दिसतं तसंच.