मवाळ कुणाला म्हणता?

आपल्या पोरांच्या तोंडी एक शिवी बसली आहे : मवाळ. ज्यानं दगड उचलला नाही, साहेबाच्या टेबलावर निवेदन ठेवलं, तो मवाळ. मी या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नागसेनवनाच्या आसऱ्यानं लिहाय-वाचायला शिकलो. म्हणून या शब्दाचा हिशेब इथल्याच मातीवर मांडतो.

पुण्याचे जुने मवाळ सरकारला अर्ज करीत ते दिवाणखान्यात बसून. त्यांच्या चुलीला धक्का लागत नव्हता. आपल्या सत्याग्रह्याचं तसं नव्हतं. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि लगेच आपल्या माणसांची डोकी फुटली. माणसं चवताळली होती. बाबासाहेबांनी उलटा हात उगारू दिला नाही. हे भित्रेपण होतं काय? ज्याची वस्ती गावकुसाबाहेर, दोन-चार घरांची, ज्याची भाकरी मारणाऱ्याच्याच वावरात, त्याच्यासाठी शांत राहणं हा लढाईचा हिशेब असतो. महाडात उगारलेल्या काठीची किंमत कुठल्या तरी खेड्यातल्या म्हातारीनं मोजली असती.

पण शांत राहणं म्हंजे जन्मभर दारात उभं राहणंही नव्हे. 2 मार्च 1930 ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं लढवला. दार उघडलं नाही. 1934 मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना कळवलं, की आता ताकद शिक्षणात आणि राजकारणात लावू. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात तर देवळाचा धर्मच सोडायची घोषणा केली. कधी थांबायचं हे ज्याला कळतं, त्याला मवाळ कसं म्हणायचं?

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले, की सनदशीर वाट खुली झाल्यावर सत्याग्रहही बाजूला ठेवला पाहिजे. वाट दिल्लीत खुली झाली. गावच्या चावडीत झाली नाही. म्हणून 1953 मध्ये याच मराठवाड्यात पडीक जमिनीसाठी भूमिहीनांना सत्याग्रह करावा लागला. कायदा पाळा म्हणून कायदा मोडायचा, अशी ही उलटी रीत आपल्या वाट्याला आली.

6 डिसेंबर 1964 ला रिपब्लिकन पक्षानं देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, किमान वेतन द्या, बौद्धांना सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं चित्र लावा, अशा मागण्या होत्या. लाखो लोक तुरुंगात गेले. बाया कडेवरच्या लेकरांसकट गेल्या. चारच दिवसांनी, 10 डिसेंबरला, मार्टिन ल्यूथर किंगना ऑस्लोमध्ये नोबेल मिळालं. जगानं तिकडं पाहिलं, आपल्याकडं कुणी पाहिलं नाही.

अमेरिकेतली आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी 1965 मध्ये सेल्मा गावात किंग तुरुंगात होते. माल्कम एक्स तिथं आले आणि किंगच्या पत्नीला म्हणाले, की मी किंगचं काम सोपं करायला आलोय. किंगचं ऐकलं नाही तर पुढं कोण उभं आहे, ते गोऱ्यांना दिसू दे. जहालाच्या सावलीनं मवाळाच्या शब्दाला वजन येतं. ती सावली नसली, की निवेदनाची रद्दी होते. आपल्याकडं तेच झालं. 1967 मध्ये गायकवाड गट काँग्रेसच्या वळचणीला गेला आणि वजन उतरलं. त्या रागातून 1972 मध्ये पँथर जन्मली, नावसुद्धा अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेवरून घेऊन.

आता नामांतर. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला. कागदावर मतदानानं. याहून सनदशीर काय असतं? उत्तरादाखल मराठवाडाभर वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. 1979 मध्ये जोगेंद्र कवाडेंचा लाँग मार्च दीक्षाभूमीवरून निघाला. पँथर म्हणवणारे पोरंही जेलभरोत गेले. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नाव आलं. सोळा वर्षं. तेही ‘मराठवाडा’ तसंच ठेवून, आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ काढून. म्हणून कुणी नामांतर म्हणतं, कुणी नामविस्तार.

या सोळा वर्षांत शांत कोण होतं आणि जाळत कोण होतं, हे पोरांनी एकदा मोजावं. सबुरीचा सल्ला मात्र नेहमी ज्याचं घर जळालं त्यालाच मिळाला. माझी चीड सबुरीवर नाही, ती फुकटात मागणाऱ्यावर आहे.

1964 च्या मागण्यांपैकी सेंट्रल हॉलमधलं चित्र 1990 मध्ये लागलं. बौद्धांच्या सवलतीही 1990 मध्येच मिळाल्या. सव्वीस वर्षं! फोटो देणं सोपं होतं, तोही इतक्या उशिरा. जमिनीचं काय? गायरान कसणाऱ्या कितीतरी घरांचं नाव आजही सातबाऱ्यावर नाही. तलाठ्याच्या दारात ती माणसं अजून शांतपणे उभी आहेत. त्यांना मवाळ म्हणण्याआधी त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहा.