मोतीबिंदूआडचा पडदा

म्हातारपणी हळूहळू नजर जाण्यामागे दृष्टिपटल, म्हणजे बोलीतला डोळ्याचा पडदा, हेही कारण असते, हे ज्ञान रत्नागिरीतच काय, जगातही फार जुने नाही. मोतीबिंदू मात्र सुश्रुताच्या काळापासून ठाऊक होता. बाहुलीत पांढरट दिसणारा, शस्त्राने दूर करता येणारा हा दोष असल्याने वृद्धाची नजर अधू झाली की घरचे तो ‘पिकण्याची’ वाट पाहत. पडदा आत दडलेला. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने नेत्रदर्शक यंत्र काढले, तेव्हाच जिवंत डोळ्यातला पडदा वैद्यांना नीट पाहता आला. १८५५ मध्ये येगरने मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरील बदल नोंदवले. पडद्याचा मध्यबिंदू वयाने झिजतो, हे त्यानंतर काही दशकांनी स्पष्ट झाले.

पण निदान झाले तरी उपचार नव्हता. सरकारी मोहिमांचे लक्षही साहजिकच मोतीबिंदूवर राहिले. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा शस्त्रक्रियांची संख्या हेच यशाचे माप ठरले. ते चुकीचे नव्हते: २०१५–१९ च्या राष्ट्रीय पाहणीतही पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळेच आढळले. त्याच काळातल्या मधुमेहींच्या पाहणीत सुमारे १७ टक्क्यांच्या पडद्यावर बिघाड दिसला. तो बहुधा दुखत नाही आणि सुरुवातीला नजरही कमी करत नाही, त्यामुळे रुग्ण उशिरा येतो.

मधुमेही पडद्यासाठी लेझर १९७० च्या दशकात प्रस्थापित झाले, पण ते आधी मोठ्या शहरांत. रत्नागिरीकराला मोठ्या तपासणीसाठी मुंबईच गाठावी लागे. एके काळी ती वाट बोटीची होती, पावसाळ्यात बंद पडणारी; मग घाटावळणांची एसटी आली आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. चाकरमान्यांच्या जिल्ह्यात मुंबईत उतरायला नातेवाईकाची खोली असे, हा त्यातला दिलासा.

मोतीबिंदूला एक खेप पुरते, पडद्याला पुरत नाही. २००५ नंतर डोळ्यात देण्याच्या इंजेक्शनांनी मध्यबिंदूची ‘ओल्या’ प्रकारची झीज आणि मधुमेहाने पडद्याला येणारी सूज आटोक्यात येऊ लागली, परंतु ती इंजेक्शने सुरुवातीला दरमहा घ्यावी लागतात. त्यामुळे औषधाच्या किमतीइतकाच प्रवास आणि सोबतीचा माणूस हा खर्च ठरतो. सरळ रेघ वाकडी दिसणे हे ओल्या झिजेचे लक्षण. तेव्हा दिवस न दवडणे महत्त्वाचे. झिजेच्या ‘कोरड्या’ प्रकारात गेलेली नजर परत आणणारा उपचार आजही नाही. भिंग, ठळक अक्षरे आणि भरपूर उजेड यांवरच वाचन चालवावे लागते.