रनर व स्लिंग : आरोहणातील आधाराच्या निवडीचा इतिहास

१४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न शिखर प्रथमच सर करून सात जणांचे पथक उतरू लागले. एकाचा पाय घसरला, चौघे कोसळले, आणि त्यांच्या व उरलेल्या तिघांच्या मधला दोर तुटला. पथकाजवळ तीन प्रकारचे दोर होते. तुटला तो सर्वांत दुबळा. वस्तुतः आदल्याच वर्षी लंडनच्या अल्पाइन क्लबच्या समितीने दोरांची परीक्षा घेतली होती. तीही वजन नुसते टांगून नव्हे, तर वरून पाडून. टांगलेला भार व कोसळणारा भार यांतील हा भेद आरोहण-साधनांच्या पुढील इतिहासातही निर्णायक ठरला.

त्या काळी दोर मुख्यतः माणसास माणसाशी बांधीत असे. त्यास वाटेत खडकाशी जोडण्याची युक्ती, म्हणजे रनर, पुढे रूढ झाली. रनर या संज्ञेत धावतो तो दोर. आधार स्थिरच असतो. खडकाच्या सुळक्यावर किंवा भेगेत अडकलेल्या दगडाभोवती दोरीचा बंद फेरा, म्हणजे स्लिंग, घालावयाचा व त्यातून दोर पुढे न्यावयाचा. शेवटच्या रनरपासून तीन मीटर वर गेलेला आरोहक पडल्यास निदान सहा मीटर कोसळतो; रनर नसेल तर अंतर कितीतरी वाढते. प्रारंभी दोर फेऱ्यातून ओवण्यासाठी तो अंगावरून सोडावा लागे. १९१० च्या सुमारास म्यूनिकच्या आरोहकांनी कॅराबिनर वापरात आणल्यावर ही अडचण दूर झाली. ब्रिटनमध्ये १९२० नंतर खिशातील गोटे भेगेत बसवून त्यांना स्लिंग घालीत; १९५० नंतर यंत्रांचे नट, आटे घासून, त्याच कामी आले; १९६१ मध्ये याच हेतूने बनविलेला पहिला नट तयार झाला.

दरम्यान द्रव्यही पालटले. तागवर्गीय दोर ताणत नसे व ओलाव्याने कुजत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले. ते तुटण्यापूर्वी पुष्कळ ताणते व पतनाचा आघात स्वतःत जिरविते. स्लिंगही नायलॉनच्या विणलेल्या पट्टीची झाली.

अलीकडील डायनीमाची स्लिंग बारीक व हलकी असते. ती पाणी कमी शोषते, म्हणून बर्फावर कमी गोठते. युरोपीय मानकानुसार दोन्ही प्रकारच्या स्लिंगने किमान २२ किलोन्यूटन भार पेलला पाहिजे. तथापि ही समानता टांगलेल्या भारापुरतीच आहे. डायनीमा फारशी ताणत नाही, गाठ मारल्यास पुष्कळच दुबळी होते, आणि सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळते; नायलॉन २०० अंशांच्याही पुढे टिकते.

म्हणून निवड उपयोगावरून करावयाची. रनरसाठी डायनीमा योग्य, कारण आघात जिरविण्यास तेथे दोर असतो. सुळक्यावर स्लिंग लांब हवी, नाहीतर वर सरकणारा दोर तिला उचलून काढतो. परंतु आरोहकाने स्वतःस केवळ डायनीमाच्या स्लिंगने खडकाशी अडकविले व आधाराच्या वर उभे असता तो पडला, तर मीटरभराचे पतनही घातक ठरू शकते; तेथे दोरानेच बांधून घेणे श्रेयस्कर. स्लिंगवर छापलेला आकडा टांगलेल्या भाराचा असतो. माणूस मात्र कोसळतो, हे १८६४ च्या समितीने ओळखले होते.