तबकडी लाख पौंडांची, गाणाऱ्याचं नाव झाकलेलं

२०२० साली इंग्लंडमध्ये एक जुनी ४५ आरपीएमची रेकॉर्ड एक लाख पौंडांना विकली गेली. त्या वेळच्या दराने ९० लाख रुपयांहून जास्त. सात इंची तबकडी. गायक फ्रँक विल्सन, गाणं 'डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)', साल १९६५, कंपनी डेट्रॉइटची मोटाऊन. विल्सन २०१२ सालीच वारला होता. पण तो जिवंत असता तरी या लाखातली एक दमडी त्याला मिळाली नसती. जुन्या रेकॉर्डच्या फेरविक्रीत गाणाऱ्याला वाटा देण्याची पद्धतच नाही. २००९ साली अशीच एक प्रत २५,७४२ पौंडांना गेली, तेव्हा विल्सन हयात होता. तेव्हाही पैसा एका संग्राहकाकडून दुसऱ्या संग्राहकाकडेच गेला.

संग्राहक अशा तबकडीला 'रेअर' म्हणतात. दुर्मीळ. हा शब्द ते असा वापरतात, जणू खाणीत सापडलेला हिराच. हिरा निसर्गातच कमी असतो. रेकॉर्ड मात्र कुणीतरी कमी छापली, कुणीतरी रेडिओवर वाजवली नाही, कुणीतरी दुकानात ठेवली नाही म्हणून कमी असते. दुर्मीळपणा घडवलेला असतो. तो कुणी घडवला आणि त्याचं मोल कुणाच्या खिशात गेलं, हे विचारायला नको का?

आपण का विचारायचं, असं कुणी म्हणेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केली ते आठवा: अमेरिकेतल्या काळ्यांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्या लोकांचं राजकारण आपण वाचतो. त्यांच्या गाण्यांचं पुढे काय झालं, तेही आपल्याला ठाऊक असायला हवं.

मुळापासून सुरुवात करू. १९२० साली मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही रेकॉर्ड धडाक्यात खपली आणि कंपन्यांना शोध लागला की काळी माणसंही रेकॉर्डी विकत घेतात. मग त्यांच्यासाठी वेगळा कप्पा निघाला, 'रेस रेकॉर्ड्स'. म्हणजे वंशाच्या रेकॉर्डी. गाणं कसं आहे यावर कप्पा ठरत नव्हता, गाणारा कोण आणि ऐकणारा कोण यावर ठरत होता. गावकुसाबाहेरचा वेगळा पाणवठाच म्हणा. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने १९४९ साली आपल्या यादीचं नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केलं, १९६९ साली 'सोल'. पाटी बदलली, कप्पा राहिला.

साठच्या दशकात डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस अशा शहरांतून शेकडो छोट्या कंपन्या उगवल्या. एखादं दुकान, मागच्या खोलीत स्टुडिओ, गाणारी पोरं चर्चमध्ये तयार झालेली. काहीशे प्रती छापायच्या, गाडीच्या डिकीत टाकून रेडिओ स्टेशनांच्या दारी फिरायचं. वाजवण्यासाठी हात ओले करावे लागत. गोऱ्यांच्या मोठ्या स्टेशनांपर्यंत पोचणं दुरापास्त. वितरक पैसे महिनोन् महिने अडकवत. गाणं चाललं नाही तर उरलेल्या प्रती गोदामात. बेरी गॉर्डीने १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन सुरू केलेली मोटाऊन हा अपवाद. काळ्या माणसाच्या मालकीची ही कंपनी अमेरिकाभर पोचली. पण अपवादावरून नियम झाकता येत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि विल्सनची रेकॉर्ड तर मोटाऊनचीच. तिची हकीकत अशी सांगतात: गॉर्डीने विचारलं, तुला गायक व्हायचंय की निर्माता? विल्सनने निर्माता निवडलं आणि छापलेल्या थोड्या प्रती बाजारात न जाताच नष्ट झाल्या. हातावर मोजण्याइतक्याच उरल्या. म्हणजे इथे दडपणारा गोरा नव्हता, हेही मान्य करू. विल्सन पुढे मोटाऊनचा यशस्वी निर्माता झाला. सुप्रीम्सचं 'स्टोन्ड लव्ह' त्याचंच.

आता समुद्र ओलांडून उत्तर इंग्लंडमध्ये जाऊ. मँचेस्टर, विगन, ब्लॅकपूल, स्टोक. कापडगिरण्यांचा, कोळसाखाणींचा आणि कुंभारकामाच्या कारखान्यांचा टापू. (लँकेशायरच्या गिरण्या एके काळी अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालत. यादवी युद्धात तो कापूस अडला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदरातून तिकडे गेला. हे नातं संगीताच्या शंभर वर्षं आधीचं.) तिथल्या कामगारांच्या पोरांनी साठच्या दशकात अमेरिकन सोल डोक्यावर घेतलं. मँचेस्टरच्या 'ट्विस्टेड व्हील' क्लबात रात्रभर नाच चालायचा. सत्तरी उजाडली तशी अमेरिकेतली काळी गाणी बदलली, फंककडे वळली. या पोरांना मात्र जुनाच वेगवान, ठोक्यावर धावणारा साठच्या दशकातला सोल हवा होता. लंडनमध्ये 'सोल सिटी' नावाचं रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या डेव्ह गॉडिनच्या हे लक्षात आलं. फुटबॉलचे सामने पाहायला उत्तरेतून आलेली गिऱ्हाइकं नवं काही मागतच नाहीत. नोकरांना सांगायला त्याने शब्द काढला, 'नॉर्दर्न सोल'. १९७० साली 'ब्लूज अँड सोल' मासिकातल्या त्याच्या लेखाने तो शब्द छापील झाला. लक्षात घ्या, नाव पडलं ते ऐकणाऱ्यांच्या प्रदेशावरून. गाणारे तर डेट्रॉइट-शिकागोचे होते.

विगन कसिनो २३ सप्टेंबर १९७३ ला रात्रभराच्या नाचासाठी उघडलं. नाव कसिनो असलं तरी जुगार नाही, दारूही नाही. जुना नाचाचा दिवाणखाना, पाय सरकावेत म्हणून फरशीवर टाल्कम पावडर, मध्यरात्रीनंतर सुरू होऊन सकाळी आठपर्यंत. आठवडाभर मशीनवर राबलेली पोरं शनिवारी बसने, ट्रेनने यायची. जागं राहण्यासाठी गोळ्याही चालत, ते लपवायचं कारण नाही. शेवटची तीन गाणी ठरलेली होती, 'थ्री बिफोर एट'. टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ, डीन पॅरिश. पहिले दोघे काळे, तिसरा इटालियन वंशाचा गोरा. अमेरिकेत फारसं कुणी न ऐकलेली ही गाणी विगनच्या पोरांना तोंडपाठ होती. डिसेंबर १९८१ मध्ये ते बंद झालं. जागेवर नगरपालिकेला आपलं कार्यालय वाढवायचं होतं. ते कार्यालय काही वाढलं नाही.

या पोरांच्या बॅगांवर कापडी बिल्ले शिवलेले असत. त्यांवर वळलेली काळी मूठ आणि 'कीप द फेथ' हे शब्द. मूठ कुठली? १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी उगारली ती, ब्लॅक पॉवरची. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी इनॉक पॉवेलने स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली होती आणि सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंटचे मोर्चे याच औद्योगिक गावांतून निघत होते. अशा गावात गोऱ्या पोराने काळी मूठ मिरवावी, ही साधी गोष्ट नाही. त्याची टिंगल करणाऱ्या विद्वानांशी माझं पटत नाही. पण ती मूठ बॅगेवरून फारशी खाली उतरली नाही, हेही खरं. गाण्यावर प्रेम होतं. गाणाऱ्याच्या घरभाड्याचं काय, हा प्रश्न नाचाच्या फरशीवर येत नव्हता.

कारण मागणी जुन्याच गाण्यांची, आणि जुनी गाणी नव्याने तयार होत नाहीत. म्हणून डीजे आणि व्यापारी अमेरिकेत जाऊन गोदामं उपसू लागले. न खपलेल्या रेकॉर्डी कवडीमोलाने मिळत. इकडे एखादी गाजली की तिची किंमत कामगाराच्या आठवड्याच्या पगाराएवढी. ज्याच्याकडे एकच प्रत तो डीजे राजा. ती एकमेव राहावी म्हणून त्यांनी युक्ती वापरली, 'कव्हर-अप'. रेकॉर्डच्या मधल्या लेबलवर कागद चिकटवायचा, गाण्याला खोटं नाव, गायकालाही खोटं नाव. प्रतिस्पर्ध्याला मूळ रेकॉर्ड शोधता येऊ नये म्हणून. विल्सनचं गाणं विगनमध्ये वाजायला लागलं ते 'एडी फॉस्टर'च्या नावाने. गंमत म्हणजे एडी फॉस्टर नावाचा खराखुरा काळा गायक होता, तो वेगळाच. एका काळ्याचा आवाज, दुसऱ्या काळ्याचं नाव, आणि दोघांनाही पत्ता नाही. १९७९ साली ब्रिटनमध्ये ते गाणं अधिकृतपणे निघालं तेव्हा लेबलवर विल्सन परतला.

ही युक्ती गोऱ्यांनी शोधलेली नाही. जमैकात पन्नाशीतल्या साउंड सिस्टिमवाल्यांनी, म्हणजे काळ्याच माणसांनी, अमेरिकन रेकॉर्डींची लेबलं खरवडली होती. कॉक्सन डॉडने विलिस जॅक्सनचं गाणं 'कॉक्सन हॉप' म्हणून वाजवलं होतं. ज्याच्या हातात भोंगा, तो नाव ठरवतो. रंग कुठलाही असो.

मला इथे वामनदादा कर्डक आठवतात. आपल्या शाहिरांनी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायची रीत ठेवली. कॅसेटवर कुणाचाही फोटो छापा, मंचावर कुणीही गाऊन टाळ्या घ्या, शेवटी 'वामन' येतोच. त्या नावावर कागद चिकटवता येत नाही. अर्थात अलीकडे शेवटचं कडवंच गाळून गाणारेही निघालेत.

पुन्हा पैशाकडे येऊ. ग्लोरिया जोन्सने 'टेन्टेड लव्ह' गायलं ते १९६५ साली, रेकॉर्डच्या मागच्या बाजूला. आपटलं. १९७३ साली फिलाडेल्फियात एका इंग्रज डीजेला ती तबकडी सापडली आणि उत्तरेतल्या क्लबांत गाणं पेटलं. १९८१ साली लीड्सच्या 'सॉफ्ट सेल' या गोऱ्या जोडीने ते नव्याने गायलं आणि ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. आता यातली मेख बघा. गाणं लिहिणाऱ्याला प्रत्येक नव्या आवृत्तीचं मानधन मिळतं. लिहिणारा होता एड कॉब, गोरा. जिच्या गळ्यामुळे ते गाणं सोळा वर्षं जगलं, तिचा नव्या रेकॉर्डवर कायद्याने काहीच हक्क नाही. अमेरिकेत तर साध्या रेडिओवर गाणं वाजलं तरी लेखकाला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गायकाला आजही मिळत नाहीत. ग्लोरिया जोन्स स्वतः चांगली गीतकार होती, मोटाऊनच्या 'इफ आय वेअर युअर वुमन'ची सहलेखिका. पण ब्रिटिश वृत्तपत्रांना ती एका रॉकस्टारची जोडीदार म्हणूनच जास्त ठाऊक. वर चोर छापायांचा धंदा वेगळाच: गाणं गाजलं की बिनपरवाना प्रती, आणि त्यात लेखकालाही काही नाही.

सगळेच तसे नव्हते. मेजर लान्सला १९७२ साली स्टोकच्या 'टॉर्च' क्लबात बोलावलं गेलं, तिथल्या मैफलीची रेकॉर्डही निघाली. टॉमी हंटची विगनमधली मैफल अल्बम होऊन आली. एडविन स्टार इंग्लंडमध्येच स्थायिक झाला. मायदेशी विसरलेल्या गायकांना या पोरांनी पुन्हा मंच दिला, मानधन दिलं. ऐंशीपासून 'केंट' या लेबलने मूळ हक्कधारकांशी रीतसर करार करून जुनी गाणी पुन्हा काढली. गॉडिनने आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्याच कंपनीसाठी निवडलेली 'डीप सोल ट्रेझर्स'ची चार संकलनं तर मी कुठल्याही लिलावापेक्षा मोठी मानतो, कारण ती सगळ्यांना ऐकता येतात.

राहिला डॅरेल बँक्स. १९६६ साली त्याचं 'ओपन द डोअर टू युअर हार्ट' अमेरिकेच्या ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. तिकडची प्रत आजही स्वस्तात मिळते, कारण भरपूर छापली. ब्रिटनमध्ये मात्र दोन कंपन्यांत हक्कांवरून ओढाताण झाली आणि 'लंडन' लेबलची आवृत्ती मागे घेतली गेली. त्या लेबलची एक प्रत पुढे १४,००० पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. तोच आवाज, तेच गाणं, फरक फक्त लेबलच्या कागदाचा. किंमत गाण्याला आहे की मालकीला, याचं उत्तर यातच आहे.

बँक्स १९७० साली, बत्तिसाव्या वर्षी, डेट्रॉइटमध्ये कामावर नसलेल्या एका पोलिसाच्या गोळीने मेला. त्याला डेट्रॉइट मेमोरियल पार्कमध्ये पुरलं. ही दफनभूमी काळ्या उद्योजकांनी १९२५ साली स्वतः जागा घेऊन उभारली, कारण गोऱ्यांच्या दफनभूमीत काळ्यांना मेल्यावरही मान नव्हता. स्मशानाचा प्रश्न म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजवायला नको. चौतीस वर्षं त्या थडग्यावर नाव नव्हतं. २००४ साली सोलच्या चाहत्यांनी वर्गणी काढली. त्यात कधी डेट्रॉइट न पाहिलेली इंग्रज माणसंही होती. त्या पैशातून त्यांनी तिथे नावाचा फलक बसवला.