इंग्रजीचे दोन पेपर

इंग्रजीचा पेपर नक्की काय तपासतो? वाचलेलं समजलं का, ते. की स्वतःचं म्हणणं मांडता येतं का, ते? अमेरिकेतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना हा प्रश्न विषय निवडतानाच सोडवावा लागतो. तिथे शाळेत असतानाच कॉलेजच्या दर्जाचे ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजे एपी कोर्स घेता येतात. त्यात इंग्रजीचे दोन आहेत: लँग्वेज आणि लिटरेचर. न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या भाचीने मध्यंतरी विचारलं, “मामा, यातलं सोपं कुठलं?” मी कोड लिहिणारा माणूस. मला आधी प्रश्न पडला, की एका विषयाचे दोन झाले कधी?

त्यासाठी हार्वर्डपर्यंत मागे जावं लागतं. १८७४पासून तिथल्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीतला एक छोटा निबंध लिहावा लागू लागला. निबंधाचे विषय नेमून दिलेल्या पुस्तकांतून यायचे: शेक्सपिअरची नाटकं, स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’, गोल्डस्मिथची ‘द व्हिकार ऑफ वेकफिल्ड’. तपासायचं होतं लेखन, पण शाळा शिकवू लागल्या ती पुस्तकं. परीक्षेत येतं तेच वर्गात शिकवलं जातं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

पुढे १९५२मध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि तीन नामांकित खासगी शाळांनी मिळून एक अहवाल काढला. हुशार मुलं शाळेत शिकलेलंच कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुन्हा शिकतात, ही त्यातली तक्रार. अशा प्रयत्नांतून एपी उभं राहिलं आणि १९५६मध्ये कॉलेज बोर्डाने पहिल्या परीक्षा घेतल्या. तेव्हा इंग्रजीचा पेपर एकच होता, साहित्य आणि लेखन एकत्र.

१९८०मध्ये त्याचे दोन झाले. लिटरेचरमध्ये कविता, कथा-कादंबरीतला उतारा आणि एखाद्या पूर्ण साहित्यकृतीवर लिहायचं. लँग्वेजमध्ये भाषणं, लेख, पत्रं वाचून लेखक आपल्याला कसं पटवतो ते उलगडायचं आणि स्वतःचा युक्तिवाद करायचा. २००७पासून त्यात आणखी एक प्रश्न आला: एका विषयावरची सहा-सात टिपणं वाचा आणि त्यांच्या आधारे आपली बाजू मांडा. आज लँग्वेजच्या परीक्षेला दरवर्षी पाच लाखांहून जास्त मुलं बसतात. लिटरेचर केव्हाच मागे पडलंय.

खरी गंमत पुढे आहे. एपीत चांगले गुण मिळाले, की बरीच कॉलेजं पहिल्या वर्षाच्या एखाद्या विषयातून सूट देतात. लँग्वेजमुळे बहुतेकदा लेखनाच्या कोर्समधून सूट मिळते. म्हणजे लेखनाचा वरच्या पातळीचा कोर्स मन लावून केला, तर बक्षीस काय? कॉलेजात लेखन शिकावं लागत नाही! इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलासाठी तर अकरावीतला तो निबंध कुणीतरी तपासून, लाल खुणा करून परत दिलेला शेवटचा निबंध ठरू शकतो.

माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत भाषेच्या नावाने होता तो ‘कम्युनिकेशन स्किल्स’. त्यात आम्ही पत्राचा आणि रिपोर्टचा फॉरमॅट पाठ केला. नोकरीत मात्र रोज लिहावं लागतं. ही सिस्टिम का बदलायची, तो पर्याय का नको, समोरच्याला ते पटेल कसं. हे सगळं कामावरच शिकलो आणि बरंच उशिरा शिकलो.

म्हणून कोर्स निवडताना गुणांच्या आधी कॉलेजचा सवलतीचा तक्ता उघडून बघावा. हा कोर्स मला काय देतो, एवढंच विचारून भागत नाही. पुढे माझ्याकडून काय काढून घेतो, तेही विचारायला हवं. आणि सूट मिळाली, तरी ती घेतलीच पाहिजे असा काही नियम नाही.