रत्नागिरीत कुणाबरोबर जेवावं?

रत्नागिरीत येणारा पाहुणा पहिला प्रश्न विचारतो तो माशांचा. सुरमई कुठं चांगली मिळते, सोलकढी कुठं घ्यावी? नव्वद वर्षांपूर्वी इथं बाहेर खायचं म्हटलं, तर चवीचा विचार फार नंतर यायचा. आपल्याला आत बसू देतील का, पाणी कोण वाढेल, आणि ते प्यायलो हे गावात कळलं तर काय होईल, हे आधी बघावं लागे. म्हणून बहुतेक लोक शिदोरी बांधूनच निघत. रेल्वे तेव्हा नव्हतीच, कोकण रेल्वे पुरती सुरू झाली ती १९९८ मध्ये. मुंबईची वाट समुद्रातून बोटीनं होती, आणि त्या वाटेनं गेलेला चाकरमानी मुंबईत इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलावर अनोळखी माणसाच्या शेजारी बसून चहा प्यायला शिकला. गावी परतला की तोच माणूस आपली पंगत सांभाळून बसे.

या बंधनाला नाव होतं रोटीबंदी. तिची धग किती होती हे बघायला पुण्याचं उदाहरण पुरेसं आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. त्याला गेलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, आणि याच रत्नागिरीत जन्मलेले टिळकही होते. तिथं चहा पुढं आला. काही प्यायले, काहींनी कप नुसता समोर ठेवला. पुढं गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि मोठं ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहापायी त्या काळातल्या सगळ्यात शहाण्या माणसांना खुलासे द्यावे लागले.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर १९३३ मध्ये रत्नागिरीत जे घडलं त्याचं मोल कळतं. विनायक दामोदर सावरकर जानेवारी १९२४ पासून इथं स्थानबद्ध होते. जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही, या अटी होत्या. १९३७ पर्यंत ते इथंच राहिले आणि या काळात त्यांनी जातीच्या बेड्यांवर घाव घातले. भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं. सहभोजनं झाली. मे १९३३ मध्ये ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ सुरू झालं. तिथं चहा-पाणी द्यायला महार समाजातला माणूस होता. आपल्याला भेटायला येणाऱ्यानं आधी तिथला चहा घ्यावा, असा सावरकरांचा आग्रह असे, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

आपल्याकडं सावरकरांचं नाव निघालं की बोलणं लगेच बंद होतं, किंवा लगेच वर चढतं. मला दोन्ही पटत नाही. त्या गावात, त्या साली, महाराच्या हातचा चहा चारचौघांत पिणं ही हिमतीची गोष्ट होती. पिणाऱ्याला घरी जाऊन आईला, सासऱ्याला, भटजीला तोंड द्यायचं होतं. हे श्रेय देऊन टाकायला हवं.

पण पाटीवर लिहिलेलं नावही वाचायला हवं. अखिल हिंदू. रत्नागिरी हे काही फक्त हिंदूंचं गाव नव्हतं. राजिवड्याला, मिरकरवाड्याला मुसलमानांची वस्ती होती, आजही आहे. तांदळाची भाकरी, नारळ, कोकम, मासे, दोन्हीकडच्या चुली जवळजवळ सारख्याच. फार तर आमच्याकडं सांदणं जास्त, मटणाचा मसाला वेगळा. तरीही त्या बाकाची लांबी आमच्या अलीकडं संपत होती. यात अपघात नव्हता. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदुत्व’मध्ये सावरकरांनी पितृभू आणि पुण्यभू ही कसोटी आधीच मांडली होती, आणि तिच्यात मुसलमान बसत नव्हता. खाण्यापिण्यानं धर्म बुडत नाही, असं ते सनातन्यांना सांगत. हाच युक्तिवाद एक पाऊल पुढं नेला असता तर पाटीवरचा दुसरा शब्द गळून पडला असता.

बाक लांब करण्याचा दुसरा प्रयत्न त्याआधी सहा वर्षं महाडला झाला होता. सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या तळ्यावर मुसलमानाला मज्जाव नव्हता, अस्पृश्याला होता. दंगा झाला तेव्हा मार खाणाऱ्यांपैकी काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जमीन दिली. आपल्या सभांमधून ही गोष्ट अभिमानानं सांगितली जाते. सांगावीच.

मात्र तीच सभा दौलताबादपाशी येऊन गप्प होते. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला गेले. रमजानचा महिना होता. धुळीनं माखलेल्या लोकांनी दाराजवळच्या हौदावर हात-तोंड धुतलं. तेवढ्यात काही मुसलमान धावत आले, हौद बाटवला म्हणून शिव्या देऊ लागले. शेवटी किल्ल्यात कुठंही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर त्यांना आत सोडलं आणि सोबत पहाऱ्याला शिपाई दिला. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. रोजा ठेवलेल्या, तहान म्हणजे काय ते ठाऊक असलेल्या माणसांनी हे केलं. ज्या दीनात वुजूच्या पाण्याला जात नाही, त्या दीनाच्या लोकांनी केलं. मशिदीत एक सफ आणि दस्तरख्वान सगळ्यांना एक, हे आपण इतरांना ऐकवतो. पण आपल्या किनाऱ्यावर जमाती आणि दालदी यांच्यात सोयरीक जुळताना किती नाकं मुरडली गेली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा.

पाटीचा प्रश्न काही जुन्या काळात राहिलेला नाही. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाद्यपदार्थवाल्यांना आपली नावं ठळक लावायला सांगितलं गेलं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला अंतरिम स्थगिती दिली. काय शिजतंय ते सांगा, शिजवणाऱ्याचं नाव सांगायची सक्ती नको, असा त्याचा अर्थ. त्या आदेशामागची कल्पना मात्र कोकणातल्या मोबाइलपर्यंत पोचलेली आहे. ‘त्यांच्याकडून’ घेऊ नका, हा निरोप मराठीत, हिंदीत, कधी आपल्याच लोकांकडून उलट्या दिशेनंही फिरत असतो.

तेव्हा पाहुण्याला उत्तर द्यायचं तर असं देईन. सकाळी मिरकरवाड्याच्या धक्क्यावर जा. बोटी लागतात, टोपल्या उतरतात, लिलाव पुकारला जातो. माल मुसलमान खलाशानं ओढलेला असेल, घेणारी कोळीण किंवा भंडारीण असेल, आणि दुपारी तीच सुरमई कुठल्याशा ‘शुद्ध मालवणी’ पाटीखाली तुमच्या ताटात येईल. धक्क्याजवळच्या टपरीवर चहा मिळतो. बाकडं लहान आहे, थोडं सरकून बसावं लागतं.